फौजदारमावशींची कोरडी फरशी

त्या शाळेत घंटेपेक्षा फौजदारमावशींच्या खाकरण्याला जास्त मान होता. घंटा झाली तरी पोरं रेंगाळायची. पण मावशी व्हरांड्याच्या टोकाला नुसत्या खाकरल्या की अख्खा बालवर्ग हाताची घडी घालून जागेवर बसायचा. एकदा तर मुलांच्या बरोबरीने नव्या शिक्षिकाबाईसुद्धा हाताची घडी घालून बसल्या होत्या. मावशींचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ते बघण्याची हिंमत कुणी केली नव्हती. हुद्दा शिपाईणीचा, पगार शिपाईणीचा आणि आवाज फौजदाराचा, असा सगळा मामला.

मावशी सकाळी जाग्या व्हायच्या त्याच रागात. उगाच नव्हे, कारण असायचंच. नळाला पाणी बारीक येतं म्हणून नळावर राग, शिक्षिका चपला पायपुसण्यावर न झटकता आत येतात म्हणून शिक्षिकांवर राग, झाडं पानं गाळतात म्हणून झाडांवर राग. "गाळायचीच होती तर उगवलीत कशाला?" असं त्यांनी अंगणातल्या झाडाला विचारलेलं स्वैपाकघरातल्या काकूंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

या रागाची राजधानी म्हणजे बालवर्गाचं बाथरूम. पांढऱ्या फरश्या, तीन बुटकी भांडी, आणि इतकं लख्ख की आत गेलेल्या माणसाला आपणच अस्वच्छ वाटावं. गेली दोन वर्षं स्वच्छ शाळेची ढाल याच बाथरूमच्या जोरावर आली होती. सलग तिसऱ्या वर्षी आली की ती कायमची शाळेची होणार होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, कपाटावर तिची जागा आधीच झाडून ठेवली होती.

मावशींची कामाची पद्धत ठरलेली. दिवसातून तीनदा फरशी पुसायची. पुसली की उंबऱ्याच्या अलीकडे खडूने आडवी रेघ मारायची. मग दाराशी स्टूल टाकून, फडक्याची काठी मांडीवर आडवी घेऊन बसायचं. फरशी वाळेपर्यंत रेघेच्या आत पाऊल टाकायचं नाही. पाऊल आलंच तर "थांब!" अशी एक गर्जना. आता, फरशी काही कुणाच्या बापाची नोकर नाही, ती तिच्या सवडीने वाळते. ती वाळेपर्यंत मधली सुट्टी संपायची. मग मुलं वर्गात, रेघ पुसलेली, फरशी चकचकीत आणि मावशी खूश, म्हणजे जरा कमी रागात.

दुसरी पद्धत शाळा सुटतानाची. मुलांनी रांगेत यायचं आणि घरून आणलेल्या बाटलीत उरलेलं पाणी मावशींच्या बादलीत ओतायचं. "चांगलं पाणी गटारात ओतता? हात झडतील!" असं म्हणून मावशींनीच हा नियम काढला होता. त्या पाण्याने शेवटची फरशी पुसली जायची. या वर्षी तर गंमतच झाली होती. निम्मी रांग पुढे सरकायच्या आत बादली काठोकाठ भरायची. मावशींनी दुसरी बादली आणली. "यंदाची पोरं गुणी आहेत हो," त्यांनी काकूंना सांगितलं. काकू कांदा चिरत होत्या. "तुझ्या तोंडून कौतुक? थांब, मला रडू येतंय," त्या म्हणाल्या आणि कांद्याच्या जोरावर खरंच रडून दाखवलं.

काकूंचं आणि मावशींचं वीस वर्षांचं मैत्र. दुपारी जेवणाची भांडी घासून झाली की दोघी स्वैपाकघराच्या पायरीवर बसून एकाच किटलीतला चहा प्यायच्या आणि अख्ख्या शाळेची सालं काढायच्या. सोलायला कुणी उरलं नाही की एकमेकींची.

त्या वर्षी मावशींची नात त्याच बालवर्गात आली. पाच वर्षांची, घरात एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशीच मावशींनी तिचं बोट सोडलं आणि बजावलं, "घरी मी आजी. इथे मी मावशी. सगळ्यांना जो नियम तोच तुला. लाड मागायला आलीस तर बघ!" भिंगरीने मान हलवली. ती मान तिने किती मनापासून हलवली होती, ते मावशींना कळायला चार महिने जावे लागले.

झालं असं, की भिंगरी फिरायची थांबली. दुपारी दोनच्या सुमाराला ती बाकावर डोकं टेकायची. "डोकं दुखतंय," म्हणायची. मग तोंडावर हात धरायची, आणि कधी कधी उलटी. संध्याकाळी घरी गेल्यावर तासा-दोन तासांत पुन्हा पळायला लागायची. रविवारी तर काहीच नाही. पहिल्यांदा मावशींना वाटलं, शाळेचा कंटाळा. "ढोंग करतेस का गं?" त्यांनी डोळे वटारून विचारलं. भिंगरीने उत्तरादाखल त्यांच्याच पायांवर उलटी केली. ढोंगी माणूस इतकं करत नाही, हे मावशींनी मान्य केलं.

आणि एकटी भिंगरी नव्हती. त्याच वर्गातली आणखी पाच-सहा पोरं दुपारी डोकं धरून बसायची. उलट्या मावशींनाच पुसाव्या लागायच्या. दर उलटीला मावशींच्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण पोरं आजारी पडत होती आणि कुणाचं तरी त्यात काहीतरी चुकत होतं. ते कुणीतरी मावशींना हवं होतं. हातात हवं होतं.

घरी लेकीने पहिला अंदाज केला. "आई, डोळे तपासू या का? फळ्यावरचं दिसत नसेल तर डोकं दुखतं म्हणे." डोळे तपासले. भिंगरीने भिंतीवरची शेवटची ओळ वाचलीच, वर तपासणाऱ्याच्या शर्टाचं एक बटण तुटलंय हेही सांगितलं. मग सकाळचं खाणं. "उपाशीपोटी पाठवतेस पोरीला!" मावशी लेकीवर कडाडल्या. लेक म्हणाली, "भरवतेस तूच ना, आई?" तो मुद्दा तिथेच संपला. मग टीव्ही बंद झाला. लवकर झोपवणं सुरू झालं. फिनेलचा वास लागत असेल म्हणून मावशींनी काळजावर दगड ठेवून ते निम्म्यावर आणलं. दुपारचे दोन वाजले की भिंगरीचं डोकं बाकावर ते बाकावरच.

तेव्हा मावशींची नजर स्वैपाकघराकडे वळली.

मुलं दीड वाजता जेवतात, दोन वाजता ओकतात. यात आणखी शोधायचं काय? पाच वर्षांच्या पोरालाही कळेल! मावशी तरातरा स्वैपाकघरात शिरल्या, तेलाच्या डब्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि ओरडल्या, "हे तेल किती दिवसांचं?"

"कालच डबा फोडलाय," काकू म्हणाल्या. "का गं? अंगाला लावायचंय?"

"थट्टा नको! माझी नात मरणाची ओकतेय रोज!"

"अगं, माझ्या हातचं जेवून ओकते का? मोठ्या वर्गातली तीनशे पोरं हेच जेवतात. ती बघ कशी खिडकीला लोंबकळतायत."

"मोठ्यांची आतडी दगडाची असतात. बालवर्गाला सोसत नाही तुझा गलथान कारभार!"

काकूंच्या हातातला झारा थांबला. वीस वर्षांत मावशी त्यांना आळशी म्हणाल्या होत्या, बडबडी म्हणाल्या होत्या, एकदा रागाच्या भरात 'वाळकी भेंडी' म्हणाल्या होत्या. पण स्वैपाकाला कुणी बोल लावला नव्हता. "तू हे बाहेर बोलू नकोस," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "बाहेर बोललीस तर माझं काम जाईल."

मावशी बाहेर बोलल्या. मावशींचं बोलणं म्हणजे अंगणात उभं राहून बोलणं. शाळा सुटायची वेळ, फाटकाशी पालकांची गर्दी. तेलाचा डबा, ओकाऱ्या, गलथान कारभार, सगळं चार गल्ल्यांना ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी पंधरा पालक मोठ्या बाईंच्या खोलीत, आणि तिसऱ्या दिवशी काकू घरी. "चौकशी होईपर्यंत येऊ नका," मोठ्या बाई म्हणाल्या. काकूंनी ॲप्रन खुंटीला अडकवला, किटली पालथी घातली आणि मावशींच्या अंगावरून वाऱ्यासारख्या निघून गेल्या. बोलल्या नाहीत. काकूंचं न बोलणं मावशींनी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते त्यांना फार मोठ्याने ऐकू आलं.

मुलांना घरून डबे आणायला सांगितलं गेलं. पहिल्या दिवशी दोन वाजले. भिंगरीने बाकावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले. बाकावर भिंगरी आणि शेजारचा एक गोलमटोल पोरगा, दोघांचीही डोकी खाली.

तिसऱ्या दिवशी मावशी दोन वाजायच्या आधीच वर्गाच्या दारात घड्याळाकडे डोळे लावून उभ्या होत्या. डबा मावशींनी स्वतः केला होता. भात त्यांचा, बटाट्याची भाजी त्यांची, तेल त्यांच्या घरचं. भिंगरी ओकली. मावशींनी ते पुसलं. पुसताना त्यांचा राग कुठे जावं ते न कळून अंगभर फिरत होता. काकू घरी बसल्या होत्या आणि पोरं ओकतच होती.

"आता मी तुझं काही ऐकणार नाही," त्या संध्याकाळी लेक म्हणाली. "तू शोध लावत बसलीस, चार महिने गेले. उद्या डॉक्टरकडे."

डॉक्टर निघाली एक तरुण पोरगी. मावशींनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि ओळखलं. याच बालवर्गात होती, सतत नाक वाहायचं, आणि ते मावशींनीच आपल्या पदराने पुसलं होतं. आता त्या नाकावर चष्मा होता.

"मावशी, बसा ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी उभी बरी. तू काय ते लवकर सांग. चार महिने पोरगी ओकतेय आणि जगात एकालाही त्याचं काही नाही!"

डॉक्टरीणबाईंना घाई नव्हती. ताप पाहिला, घसा पाहिला, कान पाहिले, डोळ्यांत उजेड पाडला, मान वाकवून पाहिली, पोट दाबून पाहिलं, भिंगरीला एका रेघेवरून चालायला लावलं. डोक्यावर कधी पडली का? सकाळी उठल्या उठल्या उलटी होते का? डोकं दुखून झोपेतून जागी होते का? उजेड सहन होत नाही का? घरात कुणाला अर्धशिशी? सगळ्याला लेक 'नाही' म्हणत गेली. "बरं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यातलं काही असतं, किंवा पोर गुंगीत गेली असती, तर घरी शोध लावत बसायचं नसतं. लगेच आणायचं." 'शोध' या शब्दाला लेकीने आईकडे पाहिलं. आईने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं.

मग लघवी तपासायला घेतली. डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली. गर्द पिवळी. त्यांनी भिंगरीचे ओठ पाहिले, जीभ पाहिली आणि तिला शेजारच्या खुर्चीवर बसवून विचारलं, "शाळेत पाणी किती पितेस गं?"

"नाही पीत," भिंगरी म्हणाली.

"म्हणजे थोडं?"

"थोडं पण नाही. पाणी प्यालं की शू लागते."

"मग शू करायला जायचं."

भिंगरीने डॉक्टरीणबाईंकडे अशा नजरेने पाहिलं की जणू यांना साधंही कळत नाही. "तिथे रेघ असते," ती म्हणाली. मग ती आजीकडे वळली आणि छाती पुढे काढून, बक्षीस मागावं तशा आवाजात म्हणाली, "आजी, मी एकदाही तुझी फरशी ओली केली नाही. सगळ्यांची बाटली भरलेली असते, पण माझी एकदम सगळ्यात भरलेली असते."

मावशींच्या डोळ्यांपुढे त्यांची बादली आली. निम्मी रांग पुढे सरकायच्या आत काठोकाठ भरलेली. तिच्या शेजारची दुसरी बादली, जी त्यांनी कौतुकाने आणली होती. रोज सव्वातीनला पोरांनी आपली तहान त्या बादलीत ओतली होती, आणि मावशींनी त्या तहानेने फरशी पुसली होती.

"आमच्या वेळी मैदानाच्या टोकाला दुसरं बाथरूम होतं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "घाण असायचं, पण तिथे तुम्ही नसायचात, मावशी. आम्ही सगळे तिथेच पळायचो."

ते बाथरूम या वर्षी नळ फुटला म्हणून बंद झालं होतं. तिथे आता मोडकी बाकं ठेवली होती. बंद करा म्हणून मोठ्या बाईंच्या मागे कोण लागलं होतं? "त्या घाणीने आपली ढाल जाईल," असं कोण म्हणालं होतं? मावशींना उत्तर माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच अपराधी हाताशी सापडला होता आणि त्याला झोडायला काठी उचलता येत नव्हती.

"औषध?" लेकीने विचारलं.

"सध्या पाणी. दिवसभर, थोडं थोडं. आणि लागली की लगेच जायचं, धरून ठेवायचं नाही, त्याने वेगळीच दुखणी लागतात. आठ दिवसांत फरक पडला नाही तर पुन्हा या." डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा पेला भिंगरीपुढे सरकवला. भिंगरीने आजीकडे पाहिलं. परवानगीसाठी.

ते पाहणं मावशींना सहन झालं नाही. "पी!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाहेर बसलेला एक तापाचा पेशंटसुद्धा पाणी प्याला.

दुसऱ्या दिवशी मावशी सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. टेबलावर खडू आपटला. "काकूंना बोलवा."

"मावशी, चौकशी चालू आहे..."

"चौकशी झाली. मी केली. तेल चांगलं, भाजी चांगली, काकू चांगली. पोरं पाण्यावाचून ओकतायत. मी त्यांना आत जाऊ देत नव्हते आणि ती पीत नव्हती."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "हळू बोला. पालकांच्या कानावर गेलं तर... आणि पुढच्या आठवड्यात ढालीची तपासणी आहे. आपण असं करू, तपासणी होऊन जाऊ दे, मग सावकाश..."

इथे मावशींना त्यांचा राग परत मिळाला. चोवीस तास तो बिचारा बेघर फिरत होता. "ढाल?" त्या म्हणाल्या. "पाच वर्षांची पोरं मुतायला घाबरतात आणि तुम्हाला ढाल हवी? तुम्हाला तरी कशाला बोलू, मलाच हवी होती ना मेली ती! आठवडाभर आणखी ओकू दे म्हणता? मग या तुम्ही पुसायला! आणि कानावर जायचं म्हणता, तर काकूचं नाव मी अंगणात उभं राहून घेतलं होतं. आता माझंही तिथेच घेते." आणि मोठ्या बाई "अहो, अहो" करत दारापर्यंत येईस्तोवर मावशी अंगणात पोचल्याही होत्या. फाटकाशी पालक होते. चार गल्ल्यांना पुन्हा ऐकू गेलं.

काकूंच्या घरी जाणं त्याहून अवघड होतं. काकूंनी दार उघडलं पण वाट दिली नाही. मावशींनी उंबऱ्याबाहेरून सगळं सांगितलं. रेघ, बाटल्या, बादली, सगळं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात," काकू म्हणाल्या. "तुझ्या तर हातात बादली होती गं, हातात! आणि तू माझ्या तेलात बोटं घालत होतीस!"

"हो."

"वीस वर्षं तुझ्या कपात चहा ओतला मी. एकदा येऊन नीट विचारलं असतंस!"

"विचारायला पाहिजे होतं."

"नुसतं हो हो काय करतेस? भांड ना! भांडायला तर तुला पगार मिळतो!"

"चूक माझी आहे तर भांडू कशी?" मावशी चिडून म्हणाल्या. यापेक्षा मोठी माफी त्यांना येत नव्हती, आणि काकूंना ते माहीत होतं.

"कामावर येते," काकू म्हणाल्या. "पोरांसाठी. चहा मात्र तुझा तू कर." आणि दार लागलं.

काकू सोमवारी आल्या. ॲप्रन बांधला, किटली सुलटी केली आणि पायरीवर एकट्या बसून एकटीचा चहा प्याल्या. मावशी समोरच्या कट्ट्यावर आपला पाणचट चहा घेऊन बसल्या. मधे अंगण होतं. काकूंनी दोन-तीनदा त्या चहाच्या रंगाकडे पाहून नाक मुरडलं. एवढीच काय ती प्रगती.

मैदानाच्या टोकाच्या बाथरूममधून मोडकी बाकं निघाली, नळ बसला. बालवर्गाच्या वर्गात दर तासाला बाटल्या उघडायचं ठरलं. हे काम मावशींकडेच आलं, कारण त्यांच्याइतक्या आवाजात 'प्या' म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. भिंगरी आठवड्याभरात पुन्हा फिरायला लागली आणि शाळेतल्या दोन कुंड्या तिने फोडल्या. सव्वातीनला बादलीच्या तळाशी जेमतेम घोटभर पाणी जमायचं. मग मावशी बारीक नळाखाली बादली लावून, नळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उभ्या राहायच्या.

तपासणीच्या दिवशी कमिटी आली तेव्हा पांढऱ्या फरशीवर चिमुकल्या पावलांचे वीस-पंचवीस ओले ठसे होते. कमिटीतल्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मोठ्या बाईंनी कपाटावरच्या मोकळ्या जागेवर फुलदाणी ठेवली.

सवय मात्र जात नाही. त्याच दुपारी मावशींनी फरशी पुसली, कंबर सरळ केली, आणि व्हरांड्यातून एक बारकी पोरगी पाय आवळत पळत येताना दिसली. "थांब!" मावशींच्या तोंडून गर्जना निघूनच गेली. पोरगी जिथल्या तिथे थिजली. एक पाय दुसऱ्यावर, डोळे विस्फारलेले, पायांपुढे जिथे रेघ असायची तिथे नुसती पुसट पांढरी खूण.

स्वैपाकघराच्या दारात काकू झारा घेऊन उभ्या होत्या. बघत होत्या.

मावशींचा चेहरा लाल झाला. त्यांनी आपल्याच तोंडावर फडकं मारावं तसं ते बादलीत आपटलं आणि त्याच आवाजात, तेवढ्याच रागाने ओरडल्या, "थांबलीस काय अशी? पळ! मी थांब म्हटलं तर थांबायचं असतं होय? कुणीही थांब म्हणेल, मी म्हणेन, तुझा बाप म्हणेल, ऐकायचं नाही! जा आत!"

पोरगी आत पळाली. ओली फरशी छप छप वाजली. मावशी फडकं पिळत तिच्या पाठीवर पुढचं ओरडल्या, "आणि बाहेर आलीस की बाटली उघड!"

काकू मागे वळल्या. थोड्या वेळाने स्वैपाकघरातून त्यांचा आवाज आला, कुणाचंही नाव न घेता, चिडूनच, "चहा टाकतेय. गाळल्यावर गार करून प्यायचा असेल तर बसा तिथेच!"